बूचवाल्याचा मुलगा

१९६२ सालच्या मार्चमध्ये प्राग शहरात फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली. तिच्यातली दोन सुवर्णपदकं चेक भावंडांनी जिंकली. बर्फावरच्या नृत्यात एवा रोमानोवा आणि पावेल रोमान ही सख्खी बहीणभावंडं पहिली आली. निकालपत्रात त्यांच्या नावापुढे चेकोस्लोव्हाकिया असं लिहिलं गेलं. जोडी स्केटिंगमध्ये मारिया आणि ओटो येलिनेक पहिले आले. तीही सख्खी बहीणभावंडं, दोघांचा जन्म याच प्रागमधला. त्यांच्या नावापुढे मात्र लिहिलं गेलं कॅनडा.

हे प्रकरण त्या दुसऱ्या जोडीतल्या भावाचं आहे. तो पुढे व्यावसायिक झाला, एकवीस वर्षं खासदार होता, मंत्री झाला, राजदूत झाला. खेळाडू राजकारणात जातात यात नवल नाही. ओटोच्या आयुष्याकडे मी ओढलो गेलो ते दुसऱ्याच कारणानं. माणूस कोणत्या देशाचा, हे ठरवणारे कागद या आयुष्यात पुन्हा पुन्हा आडवे येतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूनं येतात. त्या कागदांच्या मागोमागच आपण जाऊ.

आधी नावाचं. चेक भाषेत ‘येलेन’ म्हणजे हरीण आणि ‘येलिनेक’ म्हणजे लहानसं हरीण. रोमन लिपीत या नावाचं पहिलं अक्षर असं आहे की चेक माणूस ते ‘य’ वाचतो आणि इंग्रजी वाचणारा ‘ज’. देश बदलला की आडनावाचा पहिला उच्चारच बदलतो. मी इथे जन्मगावचा उच्चार ठेवला आहे.

येलिनेकांचा पिढीजात धंदा बुचांचा. पोर्तुगाल-स्पेनकडच्या बूच-ओक झाडाची जाड साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात, वाळवतात, उकळतात आणि तिच्यापासून बाटल्यांची बुचं होतात. या धंद्यात माल परदेशातून आणायचा, घडवायचा आणि विकायचा, म्हणजे सीमा उघड्या असणं हाच धंद्याचा श्वास. फेब्रुवारी १९४८मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली आणि पन्नासहून जास्त कामगार असलेले खाजगी कारखाने सरकारजमा होऊ लागले. त्याच वर्षी येलिनेक कुटुंब देश सोडून निघालं. ओटो तेव्हा आठेक वर्षांचा होता, मारिया पाच वर्षांची. अखेर हे कुटुंब कॅनडात स्थिरावलं ते ओकव्हिल या गावात. टोरांटोच्या नैर्ऋत्येला, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी हे गाव आहे. वडिलांनी तिथे पुन्हा बुचांचाच धंदा उभा केला. सगळं मागे टाकून आलेल्या माणसानं दुसरं काही न शोधता हातातलं कसबच पुन्हा पेरावं, यात मला मोठी हिंमत दिसते. ओटोला व्यवसायाचं शिक्षण मिळालं ते याच घरात.

मुलांचं स्केटिंग वाढलं ते ओकव्हिलच्या रिंकवर.

हा खेळ आपल्याकडे टीव्हीवरच दिसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. फिगर स्केटच्या बुटाखालची पोलादी पट्टी जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते आणि तीही तळाशी सपाट नसते. मधोमध लांबलचक पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे पट्टीला दोन धारा येतात, आतली आणि बाहेरची. स्केटर जवळपास कधीच पूर्ण पट्टीवर उभा नसतो. तो या नाहीतर त्या धारेवर कललेला असतो आणि त्या कलण्यातूनच वळण जन्माला येतं. खेळाच्या नावातली ‘फिगर’ म्हणजे याच धारांनी बर्फावर काढलेली आकृती. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी नक्षी पुन:पुन्हा त्याच रेघेवरून काढायची आणि परीक्षकांनी वाकून त्या रेघा तपासायच्या, असा भाग एकेरी स्पर्धांत १९९०पर्यंत होता.

जोडी स्केटिंगमध्ये अशी नक्षी कधी नव्हती. तिथे पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, फिरवतो, खाली ठेवतो आणि दोघं शेजारीशेजारी एकाच क्षणी उड्या मारतात, गिरक्या घेतात. बर्फावरच्या नृत्यात अशा डोक्यावरच्या उचलण्या नसतात, तिथे सगळी परीक्षा पावलांची आणि तालाची. येलिनेकांच्या काळात जोड्यांना एकच कार्यक्रम सादर करायचा असे, सुमारे पाच मिनिटांचा. आज दोन वेगळे कार्यक्रम असतात, म्हणजे पहिल्या दिवशीची चूक दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. तेव्हा ती सोय नव्हती. वर्षभराची मेहनत त्या पाच मिनिटांत, आणि गुण सहापैकी.

भावंडांच्या जोडीला एक मोठा फायदा असतो. वर्षानुवर्षं एकाच घरात वाढल्यामुळे पुढच्याचं पाऊल कधी पडणार हे न बघता कळतं. अडचणही तिथेच आहे. या खेळात प्रेक्षकांना आणि परीक्षकांनाही प्रणयाची छटा पाहायची सवय असते. बहीणभावाला तो आधार नाही, त्यांना वेगावर, अचूकपणावर आणि धाडसावरच गुण मिळवावे लागतात. येलिनेकांनी तेच केलं.

१९५७च्या जागतिक स्पर्धेत, कोलोराडो स्प्रिंग्जला, त्यांना कांस्यपदक मिळालं. ओटो सोळा वर्षांचा होता आणि मारिया चौदा. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य. त्या पॅरिसच्या निकालात एक जागा अशी आहे की तिथे माझी नजर नेहमी थांबते. येलिनेकांच्या एक पायरी वर, रौप्यपदकावर, उभे होते वेरा सुखान्कोवा आणि झ्डेन्येक डोलेझाल, चेकोस्लोव्हाकियाची जोडी. एकाच मायभाषेची चार माणसं, शेजारशेजारच्या पायऱ्यांवर, मध्ये एक सीमा.

सर्वांत वरच्या पायरीवर बार्बरा वॅगनर आणि रॉबर्ट पॉल होते, आणि तीही कॅनडाचीच जोडी. १९५७ ते १९६० अशी सलग चार वर्षं जगज्जेतेपद आणि १९६०चं ऑलिम्पिक सुवर्ण त्यांनी घेतलं. म्हणजे येलिनेकांना घरच्या अंगणातच जगातल्या सर्वोत्तम जोडीशी सामना होता. १९६०च्या ऑलिम्पिकमध्ये त्यांचं पदक थोडक्यात हुकलं, चौथा क्रमांक आला. त्याच वर्षी व्हॅंकूव्हरच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळालं. मग वॅगनर आणि पॉल निवृत्त झाले आणि वाट मोकळी झाली. १९६१ची जागतिक स्पर्धा ठरली होती प्रागमध्ये.

ती झालीच नाही. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं सबीना कंपनीचं बोइंग ७०७ ब्रसेल्सच्या विमानतळाजवळ शेतात कोसळलं. विमानातले सगळे ७२ जण गेले, जमिनीवरचा एक शेतकरीही गेला. मृतांत अमेरिकेचा अख्खा स्केटिंग संघ होता. १८ खेळाडू आणि त्यांच्यासोबत प्रशिक्षक, पंच, नातेवाईक. काहीच दिवस आधी फिलाडेल्फियात उत्तर अमेरिकेची स्पर्धा झाली होती. तिथे येलिनेक पहिले आले होते आणि दुसरी आलेली मॅरिबेल ओवेन आणि डडली रिचर्ड्स ही जोडी त्या विमानात होती. मॅरिबेलची आई आणि धाकटी बहीणही. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा रद्द झाली आणि प्रागला पुढच्या वर्षीचं यजमानपद मिळालं.

आता प्रश्न उभा राहिला कागदाचा. येलिनेक भावंडं कॅनडाची नागरिक होती. पण चेकोस्लोव्हाकियाच्या लेखी ती आपलीच मुलं होती, परवानगीशिवाय पळून गेलेल्या कुटुंबातली. कॅनडाचा पासपोर्ट दाखवून ती प्रागच्या विमानतळावर उतरली, आणि तिथल्या अधिकाऱ्यानं तो पासपोर्ट मानलाच नाही, तर? ओटो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे त्या देशाच्या कायद्यानं सक्तीच्या लष्करी सेवेच्या वयाचा. ही भीती कल्पनेतली नव्हती. ज्या राजवटीनं सीमेवर काटेरी तारा ओढल्या होत्या, ती आपल्या कागदांचा अर्थ आपल्याला हवा तसा लावत असे.

इथे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं खमकेपणा दाखवला. येलिनेकांना नागरिकत्वातून रीतसर मुक्त करा, नाहीतर स्पर्धा प्रागमधून हलवू, असं तिनं सांगितलं. यजमानपदाची प्रतिष्ठा सरकारला हवी होती. त्यानं ऐकलं. क्रीडासंघटनांवर आपण एरवी पुष्कळ टीका करतो, आणि ती बहुधा रास्तच असते. म्हणूनच दोन खेळाडूंसाठी एक संघटना एका सरकारसमोर ठाम उभी राहिली, हे आवर्जून नोंदवायला हवं. चौदा वर्षांपूर्वी चोरपावलांनी देश सोडलेल्या मुलांना त्या देशानं आता लेखी सोडलं. स्वतःच्या जन्मगावी जाता यावं म्हणून आधी ‘आम्ही तुमचे नाही’ असं त्या गावाकडून लिहून घ्यावं लागलं.

स्पर्धा विलक्षण झाली. पुरुषांत यजमानांचा कारोल दिवीन आकृत्यांच्या भागानंतर पुढे होता. मग कॅनडाच्या डोनाल्ड जॅक्सननं स्पर्धेच्या इतिहासातली पहिली तिहेरी लुट्झ उडी मारली आणि परीक्षकांनी सात वेळा सहापैकी सहा दिले. जोड्यांमध्ये जर्मनीचे मारिका किलियस आणि हान्स-युर्गेन बॉइमलर कार्यक्रम चालू असतानाच एकमेकांवर आदळले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. येलिनेकांना खरं आव्हान होतं ते सोव्हिएत संघाच्या ल्युडमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोटोपोपोव्ह यांचं. पुढे १९६४ आणि १९६८ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेऊन ज्यांनी या खेळाला बॅलेचं रूप दिलं, तीच ही जोडी. प्रागमध्ये ती दुसरी आली आणि येलिनेक पहिले.

१९७९मध्ये बेलोउसोवा आणि प्रोटोपोपोव्ह स्वित्झर्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि परतलेच नाहीत. प्रागच्या त्या विजयमंचावर वरच्या पायरीवर उभी होती देश सोडून गेलेली जोडी, आणि तिच्या शेजारी सतरा वर्षांनी देश सोडणार असलेली.

प्रागच्या विजयानंतर ओटो आणि मारिया ‘आइस कपेड्स’ या गाजलेल्या व्यावसायिक बर्फ-नाट्यात दाखल झाले. यात एक कठोर व्यवहार होता. ऑलिम्पिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, खेळातून पैसा घेतला की दार कायमचं बंद. म्हणून जगज्जेतेपदाच्या शिखरावर असतानाही १९६४च्या ऑलिम्पिकमध्ये येलिनेक नव्हते. नियम किती काटेकोर होता हे त्या किलियस-बॉइमलर जोडीवरून कळतं. १९६४मध्ये त्यांना रौप्य मिळालं, पण स्पर्धेआधीच व्यावसायिक करारावर सही केल्याच्या आरोपामुळे १९६६मध्ये ते पदक परत करावं लागलं. ते पुन्हा त्यांच्या नावावर व्हायला १९८७ साल उजाडलं. श्रीमंत घरातल्या खेळाडूला हौशी राहणं परवडत असे. घाम गाळून पोट भरणाऱ्याला नव्हे. हा नियम गेला ते फार बरं झालं.

काही वर्षं बर्फावरच्या खेळांचे दौरे केल्यावर ओटो व्यवसायात पडला, आणि तिथून राजकारणात.

३० ऑक्टोबर १९७२च्या निवडणुकीत तो प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे टोरांटोच्या पश्चिमेकडच्या हाय पार्क–हंबर व्हॅली मतदारसंघातून उभा राहिला. या भागात पोलिश आणि युक्रेनियन वस्ती मोठी. कम्युनिस्ट राजवटीतून निघून येणं म्हणजे काय, हे तिथे समजावून सांगावं लागत नसे. ती निवडणूक अटीतटीची झाली. पियर ट्रुडोंच्या लिबरल पक्षाला १०९ जागा आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना १०७. त्या १०७ जणांत बत्तीस वर्षांचा ओटो होता. तेव्हापासून १९९३पर्यंत तो संसदेत राहिला, १९७९पासून हाल्टन आणि १९८८पासून ओकव्हिल–मिल्टन या मतदारसंघातून, म्हणजे वडिलांनी पुन्हा धंदा उभा केला त्या गावाचा प्रतिनिधी म्हणून. आज ओकव्हिलमधून निवडून येणाऱ्या अनिता आनंद भारतातून कॅनडात गेलेल्या डॉक्टर आई-वडिलांची मुलगी. योगायोग पुढेही जातो. ओटो १९८८मध्ये सरकारी खरेदी-पुरवठ्याचा मंत्री झाला आणि अनिता आनंद कोविडच्या काळात त्याच कामाच्या आजच्या खात्याच्या मंत्री होत्या. कॅनडासाठी लसी मिळवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

१९८४मध्ये ब्रायन मलरूनींच्या नेतृत्वाखाली ओटोच्या पक्षानं २८२पैकी २११ जागा जिंकल्या आणि ओटोला क्रीडाखातं मिळालं. १९८८चं कॅलगरीचं हिवाळी ऑलिम्पिक झालं तेव्हा मंत्री तोच होता. यजमान कॅनडाला तिथे एकही सुवर्ण मिळालं नाही, पण एकूण पाच पदकांपैकी तीन फिगर स्केटिंगमध्ये आली.

मला थांबायचं आहे ते मात्र दुसऱ्याच खात्यापाशी. १९८५च्या ऑगस्टपासून जवळपास वर्षभर ओटोकडे बहुसांस्कृतिकतेचं खातंही होतं. निर्वासित म्हणून आलेला मुलगा, आणि देशोदेशींच्या लोकांना सांभाळून घेणारं खातं. जोडी जुळली असंच कोणालाही वाटेल. तेव्हा त्या खात्याच्या टेबलावर सर्वांत जड कागद होता तो जपानी वंशाच्या कॅनेडियन लोकांचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून जवळपास २२ हजार जणांना उचलून आतल्या भागात नेलं होतं. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. त्यांची घरं, शेतं, दुकानं, मासेमारीच्या नावा सरकारनं ताब्यात घेतल्या आणि विकून टाकल्या. किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली ती १ एप्रिल १९४९ रोजी. म्हणजे युद्ध संपून साडेतीन वर्षं झाल्यावर, आणि येलिनेक कुटुंब प्रागमधून निघाल्यावरसुद्धा.

आपल्या सरकारनं आपल्याच नागरिकांची मालमत्ता घेतली, ही गोष्ट ओटोइतकी घरातून ठाऊक असलेला दुसरा मंत्री त्या मंत्रिमंडळात सापडला नसता. तरी त्याच्या कारकिर्दीत वाटाघाटी पुढे सरकल्या नाहीत. वैयक्तिक भरपाईला सरकार तयार नव्हतं आणि जपानी कॅनेडियनांची राष्ट्रीय संघटना त्याहून कमी घ्यायला तयार नव्हती. १९८६च्या मे महिन्यात संघटनेनं एका लेखापरीक्षण संस्थेकडून नुकसानीचा आकडा काढून घेतला, ४४ कोटी ३० लाख डॉलर. अखेर तोडगा निघाला तो २२ सप्टेंबर १९८८ रोजी, दुसऱ्या मंत्र्याच्या हातून. हयात असलेल्या प्रत्येकाला २१ हजार डॉलर आणि पंतप्रधानांची संसदेत माफी.

मंत्री एकटा निर्णय घेत नाही, मंत्रिमंडळाची चौकट असते, तिजोरीचा धाक असतो, हे मी समजू शकतो. तरीही हा भाग वाचताना मन खट्टू होतं. स्वतः सोसलेलं दुःख दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकवतंच असं आपण गृहीत धरतो. ओटोच्या गोष्टीत त्या गृहीताला पुरावा मिळत नाही. कदाचित ज्या देशानं आपल्याला आसरा दिला त्यानंच दुसऱ्या कोणाला घराबाहेर काढलं होतं, हे मानणं आसरा मिळालेल्याला अधिक अवघड जात असेल.

१९८९पासून ओटो महसूलमंत्री होता. १ जानेवारी १९९१ला कॅनडात वस्तू व सेवाकर लागू झाला, दर सात टक्के. कर आखला वित्तखात्यानं, पण तो गोळा करायची यंत्रणा महसूलखात्याची. दुकानातल्या प्रत्येक पावतीवर वेगळा दिसणारा हा कर लोकांना मुळीच रुचला नाही. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये सत्ताधारी पक्ष अवघ्या दोन जागांवर आला. ओटो त्या निवडणुकीत उभाच राहिला नव्हता.

त्याची पावलं आता प्रागकडे वळली. १९८९च्या नोव्हेंबरात तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली होती आणि १९९३च्या पहिल्या दिवशी चेक प्रजासत्ताक हा वेगळा देश झाला होता. सरकारी कारखाने खाजगी हातांत देण्याचा तिथला प्रयोग जगावेगळा होता. नागरिकानं हजार कोरुना भरून कुपनांची पुस्तिका घ्यायची आणि त्या कुपनांनी कारखान्यांचे शेअर मिळवायचे. शेअर म्हणजे काय हे ठाऊक नसलेले लाखो लोक एका वर्षात भागधारक झाले. अशा काळात पश्चिमेचा हिशेब आणि चेक बोली दोन्ही जाणणाऱ्या माणसाला मोल होतं. ओटो पुढे डेलॉइट या जागतिक लेखापरीक्षण संस्थेच्या मध्य युरोपातल्या कामाचा अध्यक्ष झाला.

त्याच काळात तिथे आणखी एक कागद कित्येक घरांचं भवितव्य ठरवत होता. २५ फेब्रुवारी १९४८नंतर सरकारनं घेतलेली मालमत्ता परत करण्याचा कायदा १९९१मध्ये झाला. हक्क सांगायला मात्र दोन अटी होत्या. माणूस नागरिक असला पाहिजे आणि देशात कायमचा राहणारा असला पाहिजे. राहण्याची अट घटनात्मक न्यायालयानं १९९४मध्ये काढून टाकली, नागरिकत्वाची राहिली. परदेशी गेल्यावर ज्यांचं चेक नागरिकत्व सुटलं होतं, अशा असंख्य परागंदा कुटुंबांचे दावे या एका अटीवर अडले. काही जण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेले आणि ही अट भेदभावाची आहे असा कौलही त्यांनी मिळवला. कधीकाळी सुटका वाटलेला कागद म्हातारपणी असा आडवा आला.

२०१३मध्ये कॅनडाच्या सरकारनं ओटो येलिनेकची चेक प्रजासत्ताकातला राजदूत म्हणून नेमणूक केली. वय त्र्याहत्तर. नव्या राजदूताला यजमान देशाच्या राष्ट्राध्यक्षाला आपलं अधिकारपत्र द्यावं लागतं. हा माणूस आमच्या देशाच्या वतीनं बोलतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असं त्यात लिहिलेलं असतं. चेक राष्ट्राध्यक्ष ते पत्र स्वीकारतात प्रागच्या गढीत, व्लताव्हा नदीच्या वरच्या टेकडीवर. १९६२ची स्पर्धा झाली ते क्रीडागृह नदीच्या त्याच काठावर, होलेशोव्हित्सेमध्ये आजही उभं आहे.